वेतकामापासून विद्यापीठापर्यंत: महाराष्ट्रातील अंध विद्यार्थ्यांच्या उच्चशिक्षणाची आणि व्यवसायतयारीची वाटचाल

महाराष्ट्रातील अंधशिक्षणाचा इतिहास बहुधा मिशनरी, देणगीदार आणि सेवाभावी संस्था यांच्या कार्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या कार्याचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु अंध मुलाला शाळेतून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून नोकरीत नेणारी वाट कशी तयार झाली, या प्रश्नाच्या बाजूने हाच इतिहास पाहिला, तर त्यातील एक विषमता ठळकपणे दिसते. विद्यार्थ्याला घडवण्याचे काम शाळांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हाती घेतले; त्याला सामावून घेण्यासाठी स्वतःला बदलण्याचे काम मात्र विद्यापीठे, परीक्षा मंडळे आणि नोकरी देणारी कार्यालये यांनी त्यानंतर कित्येक दशकांनी, आणि तेही बहुतेक वेळा कायद्याच्या व न्यायालयांच्या रेट्यामुळे केले. सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी आधी तयार होता आणि व्यवस्था मागे होती, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संस्थात्मक शिक्षण सुरू होण्यापूर्वी अंध व्यक्तीला विद्या मिळण्याचा एकमेव मार्ग श्रवणाचा होता. कीर्तन, पुराणकथन, गायन आणि वेदपठण या मौखिक परंपरांमध्ये डोळ्यांवाचूनही पारंगत होता येत असे. अमरावती जिल्ह्यात 1881 साली जन्मलेले आणि अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे या परंपरेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण होय. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि स्वतःचे विचार सांगून लिहवून घेऊन त्यांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. वाचक आणि लेखनिक ही पुढे विद्यापीठीय शिक्षणात अंध विद्यार्थ्याचा आधार ठरलेली जोडी येथे तिच्या मूळ रूपात आढळते. मात्र ही विद्या शिष्यांच्या आणि आप्तांच्या भक्तीवर अवलंबून होती. ती असामान्य प्रतिभेच्या एखाद्याच माणसाला मिळत असे आणि तिच्यातून उपजीविकेचा सर्वसामान्य मार्ग निघत नसे. देवीच्या साथीत दृष्टी गमावलेल्या हजारो सामान्य मुलांपुढे घरच्यांचा आधार किंवा भिक्षा हेच पर्याय उरत.

अपंग मुलांसाठी स्वतंत्र शाळा ही कल्पना मुंबईत प्रथम कर्णबधिरांच्या बाबतीत प्रत्यक्षात आली. 1880 च्या दशकात रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने माझगावात मूकबधिरांची शाळा उभी राहिली. देशातील अंधांची पहिली शाळा 1887 साली अमृतसरला निघाली होती. मुंबईत ते काम 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर सुरू झाले. अन्नावाचून देशोधडीला लागलेल्या कुटुंबांतील अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली, त्यांत अंध मुलेही होती, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 साली त्यांच्यासाठी शाळा काढली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली आणि आज ती कमला मेहता अंधशाळा या नावाने मुलींसाठी चालते. 1902 साली ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. स्वतः अंध असलेले डॉ. निळकंठराय छत्रपती या शाळेशी निगडित होते आणि भारतीय भाषांसाठी ब्रेलवर आधारित एक लिपीपद्धतीही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्यात 1934 साली पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली आणि अंधशिक्षणाचे क्षेत्र मुंबईबाहेर विस्तारले.

या आरंभीच्या शाळांमध्ये लेखनवाचनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व हातकामाला होते. वेताने खुर्च्या विणणे, चटया व टोपल्या करणे, हातमाग चालवणे, शिवणकाम आणि गायनवादन हे ठरलेले विषय असत. त्यामागील विचार दुष्टपणाचा नव्हता. स्पर्शाने करता येईल असे, थोड्या भांडवलात चालणारे आणि मुलाला भिक्षेपासून वाचवणारे काम शिकवावे, असा तो व्यवहारी हिशेब होता, आणि युरोप-अमेरिकेतील अंधशाळांमध्येही हाच पायंडा होता. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी 1917 साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट हीदेखील शारीरिक हानी झालेल्या माणसाला नवा हुन्नर शिकवून पुन्हा कमावता करण्याच्याच विचारातून जन्मली. या विचाराची मर्यादा वेगळ्याच ठिकाणी होती. प्रौढ सैनिकाला एक व्यवसाय गमावल्यावर दुसरा शिकवणे योग्यच होते. परंतु सहासात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, त्याची बुद्धी कोणत्या विषयात चालते हे पाहण्यापूर्वीच, त्याच्या डोळ्यांकडे पाहून त्याचा धंदा ठरवला जात होता.

हा धंदा आधीच ठरण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते लिपीचे होते. ब्रेल ही सहा उठावदार टिंबांच्या चौकटीवर आधारलेली स्पर्शलिपी आहे. या सहा टिंबांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून त्रेसष्ट चिन्हे तयार होतात आणि बोटांच्या टोकांनी ती वाचली जातात. ती हाताने लिहिण्यासाठी खाचांची पाटी आणि टोचा वापरतात. टोच्याने कागदावर दाबलेले टिंब मागील बाजूस उठत असल्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि कागद उलटल्यावर मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी भारतात या मूळ चौकटीवर अनेक पद्धती बेतल्या गेल्या. नोल्स व गार्थवेट यांची ओरिएंटल ब्रेल, कोलकात्याची शाह ब्रेल, मुंबईची निळकंठराय पद्धती अशा लिपी एकाच वेळी चालू होत्या. परिणामी एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतील मुलाला वाचता येत नसे, कोणत्याही एका लिपीतील वाचकांची संख्या छपाई परवडण्याइतकी वाढत नसे आणि प्राथमिक क्रमिक पुस्तकांच्या पुढे ब्रेल साहित्य जवळजवळ निर्माणच होत नसे. ज्याला माध्यमिक शाळेचीही पुस्तके मिळू शकत नाहीत, त्याला महाविद्यालयाचे स्वप्न दाखवणे शाळेलाही शक्य नव्हते.

या कोंडीचे स्वरूप वेद मेहता यांच्या जीवनक्रमातून स्पष्ट होते. लाहोरमधील एका डॉक्टरांच्या या अंध मुलाला पाच वर्षांचा होण्यापूर्वीच, शिक्षणाची त्यातल्या त्यात चांगली सोय म्हणून, दादरच्या अंधशाळेत पाठवण्यात आले होते. परंतु माध्यमिक शिक्षणाची समाधानकारक वाट देशात न सापडल्यामुळे 1949 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील अंधशाळेत जावे लागले. तेथून पोमोना महाविद्यालय, ऑक्सफर्ड आणि हार्वर्ड असा प्रवास करून ते इंग्रजीतील नामवंत लेखक झाले. ज्या कुटुंबाकडे साधने आणि ओळखी होत्या, त्यालाही मुलाला समुद्रापार पाठवावे लागले. दादरला त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या बहुसंख्य गरीब मुलांना तो मार्ग नव्हताच.

लिपीचा प्रश्न स्वातंत्र्याच्या सुमारास सुटू लागला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडून येथे अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी उघडलेल्या केंद्राचे प्रमुख होते, आणि भारतातील अंधत्वाविषयी 1944 साली सादर झालेल्या अहवालाच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे भारत सरकारच्या विनंतीवरून युनेस्कोने ब्रेलच्या एकीकरणाचे काम हाती घेतले, 1951 च्या आरंभी बैरूत येथे त्यासाठी परिषद झाली आणि त्याच वर्षी भारताने भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारली. या पद्धतीत चिन्ह अक्षराच्या आकाराला न जोडता ध्वनीला जोडलेले असते, त्यामुळे मराठीतील, बंगालीतील आणि तमिळमधील ‘क’ एकाच चिन्हाने लिहिला जातो. स्वरचिन्हे उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येतात. देवनागरीत व्यंजनाच्या आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटीही ब्रेलमध्ये व्यंजनानंतरच लिहितात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकाव्या लागणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या एकसूत्रतेचा विशेष लाभ झाला. 1951 मध्येच डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले आणि पुढल्या वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच ‘नॅब’, या देशव्यापी संस्थेची स्थापना झाली.

यानंतर उच्चशिक्षणाचे दार किलकिले झाले. 1955 पासून केंद्र सरकारने अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला, आणि 1963 साली नॅबने मुंबईत ‘बोलक्या पुस्तकांचे’, म्हणजे ध्वनिमुद्रित ग्रंथांचे, केंद्र सुरू केले. तरीही त्या काळातील अंध महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा अभ्यास खडतरच होता. ब्रेलमधील पुस्तक छापील पुस्तकाच्या अनेक पट जाड असे आणि पदवीस्तरावरील बहुतेक पुस्तके ब्रेलमध्ये उपलब्धच नसत. म्हणून सहाध्यायांनी किंवा स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचायचे, विद्यार्थ्याने ऐकता ऐकता पाटी-टोच्याने टिपणे काढायची किंवा टेपवर ध्वनिमुद्रण करून घ्यायचे, अशी रीत रूढ झाली. महाराष्ट्रातील कित्येक अंध पदवीधर अशा नामोल्लेख न झालेल्या वाचकांच्या आवाजावर शिकले आहेत, आणि त्या वाचकांचे ऋण या इतिहासाने मान्य केले पाहिजे.

परीक्षेच्या वेळी लेखनिक लागे. लेखनिक म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी व्यक्ती. गैरप्रकार होऊ नये या हेतूने लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा, असा नियम परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये दीर्घकाळ प्रचलित होता. हेतू समजण्याजोगा असला, तरी परिणाम अन्यायाचा होता. कारण ज्याने तो विषय शिकलेलाच नाही, अशा लेखनिकाला सूत्रे, समीकरणे, आकृत्या आणि पारिभाषिक संज्ञा अचूक उतरवता येत नसत, आणि त्याच्या चुकांचे गुण परीक्षार्थीच्या खात्यातून वजा होत. गणितासाठी अंधशाळांमध्ये टेलर फ्रेम वापरली जाई. अष्टकोनी खाचांच्या या पाटीत धातूचे खिळे निरनिराळ्या कोनांत बसवून अंक दाखवले जातात. तिच्यावर अंकगणित उत्तम होते, पण भूमिती आणि प्रयोगशाळेतील विज्ञान यांसाठी साधनेही नव्हती आणि शिकवणारेही नव्हते. त्यामुळे बहुसंख्य अंध विद्यार्थी भाषा, इतिहास, राज्यशास्त्र आणि संगीत यांकडे वळले. त्यांतील अनेकांनी ते विषय आवडीने घेतले असतील. परंतु ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे, त्याच्या प्रवेशाला निवड म्हणता येत नाही.

नोकरीच्या बाजूला मुंबईने देशात पुढाकार घेतला. 1959 साली अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडले आणि 1968 मध्ये देशातील पहिल्या दोन व्यावसायिक पुनर्वसन केंद्रांपैकी एक मुंबईला, तर दुसरे हैदराबादला सुरू झाले. पुनर्वसन केंद्राचे काम उमेदवाराची क्षमता तपासणे, तिला अनुरूप प्रशिक्षण देणे आणि कारखानदारांना त्याच्या योग्यतेविषयी पटवणे असे तिहेरी होते. क्रिकेटपटू आणि गिरणीमालक विजय मर्चंट यांच्यासारख्या प्रतिष्ठित व्यक्तींनीही अपंगांच्या रोजगारासाठी आपले वजन खर्च केले. कारखान्यांत सुट्या भागांची जुळणी व बांधणी, आणि कार्यालयांत टेलिफोन ऑपरेटरचे पद ही अंधांसाठीची कामे मानली जाऊ लागली. विदर्भात बाबा आमटे यांच्या आनंदवनात अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळांबरोबर अपंगांना व्यवसायशिक्षण देणारे संधिनिकेतन उभे राहिले आणि शहराबाहेरच्या तरुणांनाही हुन्नर मिळाला.

परंतु या काळाचा एक धडा कटू आहे. प्लास्टिकच्या व यंत्राने विणलेल्या वस्तू आल्या आणि वेतकाम मागे पडले. स्वयंचलित टेलिफोन यंत्रणा आली आणि ऑपरेटरची जागा उरली नाही. नव्वदच्या दशकात अपंगांना मोठ्या संख्येने दिलेले एसटीडी बूथ पुढील दशकात मोबाइल फोनमुळे बंद पडले. प्रत्येक वेळी एका अपंगत्वाची सांगड एका धंद्याशी घातली गेली होती, आणि तो धंदा संपताच माणूस पुन्हा सुरुवातीच्या जागी आला. ज्याला व्यापक शिक्षण मिळाले आहे त्याला दुसरे काम शिकता येते, आणि ज्याला एकच हुन्नर शिकवला आहे तो त्या हुन्नराबरोबर मोडतो. अपंग विद्यार्थ्याला उच्चशिक्षण कशासाठी, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या तीन धंद्यांच्या अस्तात आहे.

सवलतींकडून हक्कांकडे होणारा प्रवास 1970 च्या दशकात सुरू झाला. 1974 साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. एकात्म शिक्षण म्हणजे स्वतंत्र शाळेऐवजी, आवश्यक मदतीसह, सर्वसाधारण शाळेतच शिकणे. 1977 मध्ये केंद्राच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांतील पदांमध्ये अपंगांसाठी तीन टक्के आरक्षण आले. वरच्या गटांचे दार मात्र 1993 पर्यंत बंदच होते. त्या वर्षी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, अंध उमेदवारांना त्यांच्यासाठी निश्चित केलेल्या पदांकरिता नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या साहाय्याने देऊ द्यावी, असा निर्णय दिला. संसदेने 1995 साली अपंग व्यक्तींविषयीचा पहिला सर्वंकष कायदा केला आणि शिक्षणसंस्थांमध्ये व शासकीय नोकऱ्यांमध्ये तीन टक्के जागा राखीव ठेवल्या. महाराष्ट्रात याच दशकात अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी उत्तम असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत विशिष्ट अडचण असलेल्या, विद्यार्थ्यांनाही दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या.

एकविसाव्या शतकात संगणकाने पुस्तकांचा प्रश्न पालटून टाकला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली, आल्यामुळे अंध विद्यार्थी स्वतः वाचू, लिहू आणि आपले लेखन तपासू शकला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 साली दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले आणि महाविद्यालयाने आपल्या आवारात ही जबाबदारी घेण्याचा आदर्श निर्माण झाला. आता अडसर तंत्राचा नव्हता, तो स्वामित्वहक्काचा होता. कारण प्रकाशकाच्या परवानगीवाचून पुस्तकाची वाचनसुलभ प्रत काढणे बेकायदा ठरत असे. 2012 च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील तो अडसर दूर झाला. याच विषयावर 2013 साली मराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला 2014 मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच ठरला, आणि 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे डिजिटल ग्रंथालय खुले झाले.

परीक्षेचे नियमही बदलले. 2013 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेवरील मर्यादा काढण्यास सांगितले आणि ताशी किमान वीस मिनिटे भरपाईचा वेळ ठरवून दिला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीस केली, उच्चशिक्षणात पाच टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव केल्या. त्याच कायद्याने ‘वाजवी सोय’ हे तत्त्व पायाभूत मानले. समान संधीसाठी व्यक्तीच्या गरजेप्रमाणे योग्य तो बदल करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, असा त्याचा अर्थ. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हेच तत्त्व लावून, चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नसला तरी गरज असल्यास लेखनिक नाकारता येणार नाही, असे ठरवले.

तरीही व्यवस्था विद्यार्थ्याच्या मागेच राहिल्याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. कमला मेहता अंधशाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांना मिळालेली रेल्वे लेखा सेवा त्यांच्या अंधत्वाचे कारण देऊन नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 124 वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश केला आणि केरळमध्ये उपजिल्हाधिकारी म्हणून काम केले. अंध व्यक्तींना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 मार्च 2025 रोजी स्पष्ट करावे लागले.

या वाटचालीचा निष्कर्ष असा की अपंग विद्यार्थ्याची महाविद्यालयासाठी आणि व्यवसायासाठी तयारी करून घेणे हे निम्मेच काम आहे. लिपी एक झाली, पुस्तके बोलू लागली, कायदे झाले. आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवसापासून वाचनसुलभ पुस्तके, सक्षम लेखनिक, विज्ञानशाखेचे खुले दार आणि नोकरीविषयीचे प्रामाणिक मार्गदर्शन यांची व्यवस्था आपणहून केली पाहिजे. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबण्याची सवय या शिक्षणव्यवस्थेने सोडावी, कारण तिच्या दाराशी उभा असलेला विद्यार्थी सव्वाशे वर्षांपासून तयार आहे.